दहापैकी दोन

मु. नदीकाठची वस्ती, पो. पिंपळगाव राजा
१२ जुलै २०२५

तीर्थरूप मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी येथे सुखरूप आहे. आपणही सुखरूप असाल अशी आशा आहे. आमच्या शाळेत सर्व विषय आनंददायी पद्धतीने शिकवले जातात. मी सहावीत मन लावून अभ्यास करत आहे. मामींना नमस्कार व लहानांना गोड पापा. पत्राचे उत्तर पाठवावे.

आपली आज्ञाधारक भाची,
अ. ब. क.
ई-मेल : एबीसी@एक्सवायझेड.कॉम

देऊळगाव राजा
१९ जुलै २०२५

चि. अ. ब. क. हीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमन भाऊरावांनी ते आमच्या रोपवाटिकेत, मिरचीच्या वाफ्याशी उभं राहून मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, की भगवंतराव, तुमच्या घराण्यात हे अबक कधी जन्माला आलं? वर पिंपळगाव राजाचा पत्ता होता म्हणून निभावलं. तेव्हा कळलं, की ही आपल्या रुख्मिणीची काजल.

लहानांना पापा पाठवलास. घरात सगळ्यात लहान तुझा सागरदादा, त्याला आता मिशा फुटल्या आहेत. मी निरोप सांगितला तर तो ताटावरून उठून गेला. ई-मेल माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर ते म्हशीशेजारी बांधता की वेगळं, तेवढं कळव.

अगं, हे फळ्यावरून उतरवलेलं आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. शाळा सुरू होऊन महिना होत आला. काय शिकलीस ते तुझ्या तोंडच्या बोलीत लिही. आणि खाली नाव घाल. बारशाला घुगऱ्या वाटून ठेवलेलं आहे ते.

तुझा,
भगवंतमामा

वस्ती, पिंपळगाव राजा
२२ जुलै २०२५

तीर्थरूप मामाले शि. सा. न.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सरनं मले गुलाबाचं फूल देलं, फोटो काढला, आन फूल वापस घेऊन रुपालीले देलं. एका फुलात अख्खी शाळा आटपली. मंग झाड लावलं, मागच्या सालचं वाळलं त्याच खड्ड्यात. मंग हात धुवाचा दिवस झाला. नळाले पाणी नोतं, म्हणून हात धुतल्यासारखं केलं आन फोटो काढला. मंग पाचवीचीच उजळणी. आता पत्र लिहिणं चालू हाय.

आमाले गणित कोनीच शिकवून नाही राह्यलं. गणिताच्या मॅडमची बदली झाली, दुसरं कोनी आलंच नाही. मी घरी पुस्तक उघडलं तर उणे पाच हे उणे तीनपेक्षा लहान हाय म्हणते. पाच तर मोठे असते. मंग काऊन लहान?

(मागच्या बाजूले वाचा.)

मामा, आज २७ तारीख. पुढच्या बाजूचं सारं मी वर्गात लिहिलं होतं. आमचे पंजाबराव सर पुण्याले शिकले, त्याइले आपली बोली चालत नाही. त्याइनं हाच कागद लाल पेननं रंगवला, दहापैकी दोन गुण देले, खाली सही केली आन वर्गात वाचून दाखोलं. सारे हासले. रुपाली बी हासली, ते तर माया बाकावर बसते. मंग मले उठवून तिसरीच्या रांगेत बसोलं. ‘मला’ म्हणता येत नाही तोपर्यंत तिथंच, म्हणे. तिथं काना-मात्रा गिरवा लागते.

मले लय लाज वाटली. चार दिवस झाले, मी शाळेत जाऊन नाही राह्यली. माय समजावते, पण मी नाही जात आता.

तुमची,
काजल

देऊळगाव राजा
३ ऑगस्ट २०२५

चि. काजल हीस,
अ. उ. आ.

तुझ्या गुलाबाला पोट धरून हसलो आणि मागची बाजू वाचून तेवढाच संतापलो. सरांना मी वेगळं लिहिलं आहे.

आता तुझं गणित. आमच्या विहिरीच्या पायऱ्या आठव. काठ म्हणजे शून्य. तीन पायऱ्या उतरलीस की उणे तीन, पाच उतरलीस की उणे पाच. जो जास्त खाली, तो लहान. विहिरीत पाच पायऱ्या खाली उभं राहून मीच मोठा म्हणणारी माणसंही असतात, पण ती पुस्तकात देत नाहीत.

शाळा सोडायची नाही. तुझी माय सातवीतून घरी बसली तेव्हा मी थोरला भाऊ असून गप्प राहिलो. ते मला अजून टोचतं.

तुझा,
मामा

देऊळगाव राजा
३ ऑगस्ट २०२५

रा. रा. पंजाबराव सर यांस,
स. न. वि. वि.

मी सहावीतल्या काजलचा मामा. मिरचीची रोपं विकतो. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. तेव्हा शुद्धलेखन चुकल्यास लाल करून परत पाठवावे.

आपण पुण्याला शिकलात असं कळलं. आनंद झाला. पंजाबराव असं नाव ठेवणारी माणसं मात्र तिकडं फारशी नसावीत.

आपण तपासलेलं पत्र मी तीनदा वाचलं. पोरीनं लिहिलं होतं, ‘आमाले गणित कोनीच शिकवून नाही राह्यलं.’ आपण त्यावर वळणदार अक्षरात लिहिलंत, ‘आम्हांला गणित कोणीच शिकवत नाही.’ वाक्य अगदी शुद्ध झालं. अनुस्वारसुद्धा सुटला नाही, गणित तेवढं सुटलं.

खाली आपली सही आहे, तारीखही आहे. इतक्या शुद्ध मराठीतली कबुली केंद्रप्रमुखांनाही वाचायला आवडेल, म्हणून दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. पोरीला सहावीच्या रांगेत बसवा आणि गणित सुरू करा. मग त्या कागदांत मी रोपं बांधीन.

लोभ असू द्यावा, त्याला तरी लाल शाई लावू नये.

आपला,
भगवंतराव

वस्ती, पिंपळगाव राजा
१७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामाले शि. सा. न.

तुमचं पत्र भेटलं त्याच दिवशी सर आमच्या घरी आले. मायनं चहा केला. सर मायले ताई म्हणाले, आन मले म्हणाले, उद्यापासून सहावीत बस. मी बसली. रुपालीनं सरकून जागा देली. मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

गणिताच्या मॅडम अजून नाही आल्या. म्हणून सरच शिकवून राह्यले. बुधवारी त्याइनं फळ्यावर लिहिलं, उणे पाच मोठे, उणे तीन लहान. मी गप बसणार होती, खरंच. पण नाही राहवलं. उठली, फळ्यावर विहीर काढली आन पायऱ्या मोजून दाखवल्या. सरनं पायऱ्या पुन्हा मोजल्या. मंग म्हणाले, ‘तुले हे कोनं सांगतलं वं?’

सरच्या तोंडून ‘तुले’ निघालं, साऱ्या वर्गानं ऐकलं. सरले बी समजलं. त्याइनं हातावरचा खडू झटकला, घसा साफ केला आन पुन्हा इचारलं, ‘तुला हे कोणी सांगितलं?’ मी सांगतलं, मामाच्या विहिरीनं.

सुटीत रुपालीनं मले सांगतलं, सरची माय इथंच जवळ, नांदुऱ्याले राहते आन ते बी ‘मले’च म्हणते. तवापासून मी रुपालीशी थोडंथोडं बोलून राह्यली.

मामीले नमस्कार. सागरदादाले पापा नाही.

माया असू द्या, आन विहिरीले पाणी असू द्या.

तुमची भाची,
काजल

ता. क. – ‘तुले’साठी मी सरचे गुण नाही कापले. उणे पाच चुकलं, त्याचे कापले.