फिटर साहेबाचा पोरगा

अण्णा, तुमच्या त्या गोऱ्या पोराला आता टक्कल पडलंय. पोट बी सुटलंय. तुमच्या नातीनं परवा मोबाईलवर दाखवला. बघून मला आधी लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. टॅक्सीच्या काचेवर गणपतीशेजारी ज्याचा फोटो तुम्ही चिकटवला होता, लाल केसांचा, गुडघ्यापर्यंत मोजे, छाती काढून उभा, तोच हा. आता खुर्चीत बसून कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होता. दिवाळीच्या साफसफाईला तुमची पत्र्याची पेटी काढली, तिच्यात तो फोटो निघाला, मागं इंग्रजीत त्याचं नाव. पोरीनं ते मोबाईलात टाकलं आणि एवढा मोठा माणूस घटकेत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी म्हणलं, बंद कर. ती म्हणाली, "थांब ना आई. आजोबांच्या पेटीत फुटबॉलवाला कसा काय?" मग कोण, कुठला, एवढं सांगावं लागलं. चौथीपर्यंतची माझी शाळा, मला लिहायचा कंटाळा. पण तिला सांगून जे उरलं, ते तुम्हालाच ऐकवायचंय.

त्याचा बाप स्कॉटलंडहून आला होता, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीन बसवायला. साहेब कुठला, फिटर होता, पण गोरा म्हणून सगळे साहेब म्हणायचे. महिनाभर तुमची टॅक्सी त्याला लावून दिली होती. सकाळी हॉटेलातून कारखान्यात, संध्याकाळी परत, रविवारी वेरूळ नायतर दौलताबाद. टुरिस्टांच्या मागं फिरून तुम्ही इंग्रजी शिकलेले, पण ह्याचं इंग्रजी तुम्हाला बी दोन-दोनदा विचारावं लागायचं. तरी घरी येऊन, हातपाय धुवून पाटावर बसलात की त्याचंच सुरू. "पोरगं लई भारी हाय त्याचं. आत्ता कुठं मिसरूड फुटलंय अन् पगारावर खेळतंय." आई आजारी पडली तेव्हाच माझी शाळा सुटली होती, मग आई बी गेली. भाकरी थापायची मी, स्टोव्हपुढं घाम माझा, आणि ताटावर गोष्टी कुणाच्या, तर कधी न पाहिलेल्या लाल केसवाल्याच्या. एकदा मी चिडून विचारलं, "गोल किती मारतो मग?" तुम्ही म्हणालात, "तो गोल नाय मारत. तो मधी खेळतो." "मधी काय करतो?" तर तुम्ही ताटातला कांदा, लसणाची पाकळी, लिंबाची फोड काढून खाली मांडलीत. लसूण मागं, लिंबू पुढं, मधी कांदा. मागच्याकडून घ्यायचं, पुढच्याला द्यायचं, सारखं पळायचं. मी म्हणलं, "म्हंजे पाणक्याच की." तुम्ही असे भडकलात, जसं काय मी तुमच्या पोटच्या पोराला बोलले. "तुला काय कळतंय त्यातलं? ऊठ, भाकर करपली तिकडं." करपली नव्हती, अण्णा. तवा सुद्धा तापला नव्हता.

तो फिटर दर रविवारी दुपारी स्टेशनाजवळच्या बूथवर जाऊन गावाकडं फोन लावायचा. पोराला नाय, दोस्ताला. पोरगं कसं खेळलं ते विचारायचा. काचेच्या खोलीत तो ओरडायचा, हसायचा, आणि बाहेर तुम्ही उगंच त्याच्यासंगं हसत उभे. बूथवाला तुम्हाला म्हणायचा, "क्या चाचा, इनके घर में शादी जमी क्या?" पोरालाच का फोन करत नाय, हे तुम्हाला बी कळत नव्हतं. ते कळलं दौलताबादेत. किल्ला चढताना त्याला दम लागला, तुम्ही दोघं खालच्याच पायऱ्यांवर बसलात, आणि तिथं त्यानं सांगितलं. रात्रीच्या जेवणाला तुम्ही आम्हाला, म्हंजे मला आणि आत्याला, जसंच्या तसं सांगितलंत. तो माणूस पोराचा एक सामना सोडत नव्हता. पण पोराला हे ठाऊकच नव्हतं. घरी सांगायचा, दोस्ताकडं चाललोय, आणि तिकीट काढून लांबच्या कोपऱ्यात, गोलच्या मागं, टोपी खाली ओढून उभा राहायचा. लहानपणी एकदा बाप दिसला आणि पोराचे पाय जड झाले, तेव्हापासून हे असं. "चेंडू यायच्या आधीच मान फिरवून बघतंय बघा, कुणाला द्यायचा ते," असं म्हणाला म्हणे. "हे मी नाय शिकवलं त्याला. कितीबी दमलं तरी कमरेवर हात ठेवत नाय, बाकीच्यांचा धीर सुटंल म्हणून. कुठून आलं हे माझ्या घरात, मला कळत नाय." आणि पोरगं घरी आल्यावर हा म्हणायचा काय, तर "बूट पूस." हे सांगताना तुमचा घास हातातच राहिला होता. आत्या म्हणाली, "येडंच हाय की बेनं! सांगाया काय जातंय?" तुम्ही म्हणालात, "सांगता येत नाय, अक्का. बापाला नाय येत."

फिटर परत जायच्या आधीच्या रविवारी तुम्ही त्याला घरी जेवायला आणता. मी वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी केलेली. तो खाटेवर अवघडून बसलाय, गुडघे वर आलेत, ठेच्यानं कान लाल झालेत, तरी खातोय. मग माझ्याकडं बोट करून तुम्हाला काहीतरी विचारतो. आणि तुम्ही बोलायला लागता, अण्णा. इंग्रजीत. चांगलं लांबलचक. एकदा हात माझ्याकडं, एकदा स्टोव्हकडं, एकदा आईच्या फोटोकडं, एकदा बाहेर गाडीकडं. मधी तुम्ही खाकरता आणि परत बोलता. तो माणूस भाकरी ताटात ठेवून देतो. माझ्याकडं बघतच राहतो. मग हळूच मान हलवतो, जशी मोठ्या माणसाला हलवावी तशी. मी तवा धरून उभी. मला एक अक्षर कळत नाय. तो गेल्यावर मी विचारलं, "माझं काय सांगितलं त्याला?" तुम्ही म्हणालात, "काय नाय. ठेचा तिखट झालाय म्हणलं." "एवढा वेळ?" "भांडी पडलीत तिकडं."

त्यानंतर वर्षानुवर्षं हॉटेलच्या पत्त्यावर त्याची कार्डं यायची, कात्रणं यायची. काउंटरवरचा माणूस वाचून दाखवायचा आणि तुम्ही ते घरी येऊन मला. पोरगं गावातल्या बारक्या क्लबातून मोठ्या क्लबात गेलं. तिथं बाकड्यावर बसवून ठेवलं, तर तुमचंच तोंड उतरलं. मग इंग्लंडला गेलं. मग गुडघा गेला, तेव्हा तुम्ही खुलताबादला भद्रा मारुतीला नारळ फोडून आलात. त्याच महिन्यात माझ्या हातावर उकळतं तेल सांडलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत. तुम्ही म्हणालात, हळद लाव. माझा गुडघा असता तर मारुतीला कळलं तरी असतं का? मग पोरगं बरं झालं, परत आपल्या जुन्या क्लबात आलं, त्याला कॅप्टन केलं. तुम्ही गुलमंडीवरून पेढे आणून अख्ख्या टॅक्सी स्टँडला वाटलेत. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, "काय अण्णा, जावई का काय तुमचा?" आणि आत्या तोंडावर म्हणायची, "पोटी पोरगा नाय म्हणून गोरा दत्तक घेतला ह्यानं." तेव्हाच मी जालना रोडला खानावळ टाकली होती. नवऱ्याचा आधार नव्हता, कडेवर पोर होतं, आणि कारखान्यातली पोरं माझी आमटी वाटी वाकडी करून प्यायची. मी तुम्हाला पहिल्यांदा तिथं जेवायला बसवलं. पोरांनी तुमच्यासमोर नाव काढलं, "मावशीसारखी आमटी कुठं नाय भेटत." तुम्ही हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणालात, "मीठ कमी पडलं व्हतं." एवढंच. तिथून तुम्ही स्टँडवर गेलात आणि त्या कॅप्टनचं कौतुक करत बसलात, हे मला दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, पण तो फोटो काचेवरून काढून पेटीत उपडा घातला, तेव्हा डोळ्याला टिपूस नव्हतं. कार्डं आणखी थोडे दिवस आली, मग बंद झाली. म्हातारा बी गेला असणार, एवढं मी समजले.

आता परवाचं सांगते. पोरगी मोबाईल कानाशी धरून ऐकायची आणि मला मराठीत सांगायची. खेळणं कधीच संपलं त्याचं, मग पोरांना शिकवायचा, आता ते बी सोडलंय. कुणीतरी त्याला बापाबद्दल विचारलं. तो म्हणाला, माझा बाप मला खेळताना बघायला एकदा सुद्धा आला नाय. मी दरवेळी शिटी वाजायच्या आधी सगळ्या बाजूंनी बघायचो. कॅप्टन झालो त्या दिवशी बी बघितलं. घरी गेलो तर म्हणाला, बूट पूस. मी चांगला खेळतो असं त्याला कधी वाटलं का, हे मला आजवर माहीत नाय. एवढं म्हणून तो रडायला लागला, अण्णा. एवढा दांडगा माणूस. पोरगी म्हणाली, "बिचारा." मी गॅस मोठा केला. मग तिनं विचारलंच, "आई, त्याचे वडील आजोबांशी काय बोलले होते? तुला आठवतंय का? मी लिहू शकते त्याला. त्याचं पान आहे, लोकं लिहितात, तो उत्तर पण देतो."

मी म्हणलं, "नाय बाई. लई वर्षं झाली. मला काय आठवत नाय."

सगळं आठवतंय. टोपी, कोपरा, मान फिरवणं, कमरेवरचे हात, सगळं. त्याच्या बापाचं बोलणं माझ्यापाशी आहे आणि ते पोचवायला आता एक बोट दाबायचंय फक्त. आणि माझ्या बापाचं बोलणं त्याच्या बापापाशी होतं, ते तो घेऊन गेला. माझ्यासमोर बोललात, माझ्याकडं हात करून बोललात, आणि अशा भाषेत बोललात जी मला येत नाय. परक्या माणसाला सांगता आलं तुम्हाला. दोघं बाप मोकळे झालात एकमेकांपाशी, चांगलं झालं तुमचं. पण मी काय करू? त्या पोरानं पैसा बघितला, नाव बघितलं, पेढे सुद्धा त्याचेच वाटले गेले. आता हे बी त्यालाच द्यायचं, आणि ते बी माझ्या हातानं? मला कोण देणार? कुणाच्या पानावर लिहू मी? पोरगी परत विचारील, ती सोडणाऱ्यातली नाय. तेव्हा बी मी नायच म्हणीन, असं आज तरी वाटतंय. उद्याचं मला माहीत नाय.

एक सांगते आणि थांबते. पोरगी कामाला गेली की तिच्या जुन्या मोबाईलवर मी त्याचं ते बोलणं परत लावते. इंग्रजी कळत नाय, पण तो बापाचं बोलायला लागतो ती जागा आता मला ओळखू येते. बोलायच्या आधी तो खाली आपल्या हातांकडं बघतो आणि त्याचं तोंड बारीक होतं, लहान पोराचं होतं तसं. तिथं मी थांबवते. खानावळीला उशीर होतो, कामावरची बाई दारात उभी राहून हाका मारते, तरी बघत बसते. पोरीला हे ठाऊक नाय.