माझी आतली टांग

१२ मे, संध्याकाळ

चूक यॉपबुनची आहे. आखाड्याची वाळू ओलीच ठेवली ही प्यॉन कोचची चूक. सकाळी सकाळी सूप खारट म्हणून कटकट केली ही नवऱ्याची चूक. माझी कुठेय? मी फक्त सरावाच्या कुस्तीत आतली टांग मारली. उजवा पाय यॉपबुनच्या पायात आतून अडकवला, ओढला. एवढी जड बाई, जागची हलेना! मांडीच्या आत, पार वर जांघेत, जुनं फडकं फाटावं तसं टर्र झालं.

कोच म्हणाला, काय झालं? म्हटलं, डोळ्यात वाळू गेली. मग मांडी कशाला धरलीय, म्हणाला. फार चौकस माणूस.

दानो सणाच्या जत्रेला चार आठवडे, तिथे बायकांच्या कुस्त्या. गेल्या वर्षी नदीपलीकडच्या तोकसिमने सगळ्या गावासमोर मला उताणी पाडलं, वर हात देऊन उठवलं. पाडलेलं विसरेन, तो हात नाही विसरणार. यंदा ती पडणार. मांडी सकाळपर्यंत बरी होईल. ठरलं.

१३ मे

झाली नाही. उलट जिना उतरताना आई गं!

पण उपाय माहीत आहे. आमच्या कोरियात बाळंतीण असो, अजीर्ण असो, नवऱ्याने डोकं खाल्लेलं असो, औषध एकच. गरम हमाम. सगळ्यात कडक भट्टीत जाऊन तापलेल्या जमिनीवर मांडी शेकली. मग अंग घासणाऱ्या बाईकडून जांघ रगडून घेतली. ती म्हणाली, ताई, इथं सुजलंय, नको. म्हटलं, तू रगड गं. स्वर्ग वाटला.

नंतर उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उभी केली. उकाड्याने होतं असं.

१४ मे

मांडी जांभळी, गुडघ्यापर्यंत. नासकं रक्त बाहेर पडतंय, म्हणजे उपाय लागू पडला.

नवरा म्हणाला, तेकसूची आई, हे काय, वांग्याची भाजी? ताटलीचा नेम धरला होता, पण पाय फाकवल्याशिवाय जोर येत नाही आणि पाय फाकवला की जीव जातो. वाचला.

१६ मे

बाजारात विकायची माकूळ साफ करायला बुटक्या स्टुलावर बसले ती बसलेलीच. शेवटी यॉपबुनने स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेलं. तिचं काय जातंय? चूक तिचीच.

डॉक्टर काडीपैलवान. मला म्हणाला, आई, झोपा. मी तुझी आई कधी झाले? गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ ठेवली, म्हणाला, दाबा. दाबली. मी ओरडले, बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

म्हणाला, पाय आत ओढणारा स्नायू अर्धा फाटलाय. दाबताना दुखतं, बाहेर ताणताना दुखतं, निळं खाली उतरतं, हीच त्याची खूण. पहिले दोन-तीन दिवस बर्फ हवा होता, तुम्ही काय केलंत? सांगितलं. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. ताज्या जखमेला भट्टी आणि मालीश म्हणजे रक्त आणखी वाहणार, म्हणाला. आता ताणायचं नाही, रगडायचं नाही. गुडघ्यात उशी धरून हळू दाबा, दुखलं की थांबा. मग चालणं, मग आडवं चालणं, मग बाकीचं. कुस्ती सहा आठवड्यांनी.

म्हटलं, दोन. तो म्हणाला, सहा. म्हटलं, बरं, तीन, ना तुझं ना माझं. म्हणाला, आई, ही माकूळ नाही.

तीन ठरलं. तो नाही म्हणाला, पण शेवटचा आकडा मी बोलले. बाजारात असंच असतं.

२० मे

उशी दाबते. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरी झाले. उशी बंद.

आजपासून आडवं चालणं. बाजाराच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुक्या मासळीवाल्या ओरडल्या, अगं, खेकडा सुटला, टोपली आणा! त्यातल्या एकीला तरी जत्रेनंतर बघते.

यॉपबुन म्हणाली, ताई, डॉक्टरने आधी सरळ चालायला सांगितलंय ना? म्हटलं, डॉक्टर तू आहेस का? तर माझ्या शेजारून सरळ चालायला लागली. भांडत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

२४ मे

कुस्तीसाठी कमरेला आणि उजव्या मांडीला पट्टा बांधतात, समोरची तोच धरते. नेमकी उजवी मांडी! पूर्वजांनी विचार केला नाही. घट्ट आवळला तर डोळ्यापुढे काजवे. ढिला बांधला. कोचने दोन बोटं आत घालून बघितलं, म्हणाला, हा पट्टा आहे की झोपाळा? पंच बाहेर काढेल.

घट्ट बांधला. यॉपबुन म्हणाली, ताई, नुसतं धरून उभ्या राहू. नुसतं? मी टांग मारली. टर्र. या वेळी कोचलाही ऐकू आलं असेल. मी खाली, यॉपबुन माझ्यावर, आणि रडतेय ती!

कोच म्हणाला, बांग मालसुन, जत्रेत यॉपबुन उतरेल. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

२६ मे

आडवी पडून आहे. मांडीवर गोठलेल्या माकुळीची पिशवी. नवरा दर थोड्या वेळाने बदलतो. कटकट करत नाही, काहीतरी गंभीर असणार.

काल यॉपबुन कालवांची पेज घेऊन आली. पेज घट्ट होती, तसं सांगितलं. ती खाली मान घालून म्हणाली, ताई, तोकसिमला माझ्या डावांनी पाडणं जमायचं नाही. आतली टांग शिकवाल?

माझी टांग! म्हटलं, चालती हो. दारापर्यंत गेली, तर पाय कसा टाकते ते दिसलं. सगळं चुकीचं. टाच बाहेर. तोकसिम हिला चटईसारखी गुंडाळेल, वर हातही देईल. बघवेना. परत बोलावलं. पडल्या पडल्या अर्धी टांग शिकवली. उशीला मारायला लावली. आधी अंग गरम कर, मग हळू, मग जोर, असं मीच सांगितलं. काय वेळ आली!

उरलेली अर्धी फुकट नाही मिळायची. कोचला निरोप धाडलाय. यॉपबुन तोकसिमला पाडेल तेव्हा भोंग्यावरून सगळ्या गावाला ऐकू जायला हवं, ही टांग बांग मालसुनची. सांगणार की नाही? कारणं नकोत. हो की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.