हेलनच्या बुटांबाबत खरे काय ते

मी, फर्डिनंड पास्कू रुमाव, वय चौसष्ट, रेल्वेतून निवृत्त, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय दुबळे झाले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर विद्याधर राऊत यांनी तपासून दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक गोष्ट खोटी लिहिली होती.

१. राहते घर व विहीर मुलगा मार्सेल व मुलगी हेलन यांना समान. मार्सेलला स्वयंपाकघर पाडून वाढवायचे असेल तर माझी हरकत नाही. त्यांच्या आईचे, माझी दिवंगत पत्नी सालोमी हिचे, शिवणयंत्र हेलनचे.

२. वाडीमागचे सव्वा एकराचे मैदान एकट्या हेलनला. बिल्डर दोनदा येऊन गेला हे मार्सेलने मला सांगितले आहे. हेलनवर मी कसलीही अट घालत नाही. विकले किंवा केळी लावली, तरी तो तिचा अधिकार. सत्तावीस वर्षे मी इथे गावातल्या मुलामुलींना हॉकी शिकवली. दर पावसाळ्यानंतर माती भरून रूळ फिरवायचो. चेंडू कुठे उडी घेईल ते माझ्या पायांना कळायचे.

३. माझ्या अकरा स्टिका चर्चच्या युवक मंडळाला. आता तशा कोणी वापरत नाही. टाकून दिल्या तरी चालेल.

४. दफन साधे करावे. पेटीत स्टिक ठेवू नये. खेळाडू म्हणून माझे भाषणात कौतुक करू नये.

५. शहात्तर साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. मी मुलांना सांगितले, सतरंजीवरचा हा खेळ चार वर्षांत बंद पडेल. बंद पडला तो माझा खेळ. मनगटाने चेंडू वळवत खड्डे चुकवायला मी शिकवत राहिलो. तिकडे चेंडू सरळ आणि सुसाट जाऊ लागला होता.

हे ओळखले फ्रेडरिक परेराने. तो माझ्याच हाताखाली तयार झाला. आता माणिकपूरला शाळेत खेळ शिकवतो. १९८४ मध्ये हेलनला राष्ट्रीय शिबिराच्या निवडीसाठी दिल्लीला बोलावणे आले. ती एकोणीस वर्षांची होती. फ्रेडरिक म्हणाला, "अंकल, तिला आठ दिवस आधी नेऊ. तिथल्या कृत्रिम मैदानाची पायाला सवय होईल." मी त्याला ओट्यावरूनच परत पाठवले.

तरी निघायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. त्या मैदानावर चालतील असे, बारीक रबरी ठिपक्यांच्या तळव्याचे बूट त्याने माझ्या हातात दिले. हेलन चर्चला गेली होती. मी ते माळ्यावर टाकले.

संध्याकाळी तिने विचारले, "फ्रेडरिक बूट देणार होता. आला नाही?"

"नाही आला. विसरला असेल. आपले बूट काय वाईट आहेत?"

दिल्लीला ती मातीवरचे खिळ्यांचे बूट घालून मैदानात उतरली. वळताना खिळे अडकले. पाय तिथेच राहिला आणि अंग फिरले. मी कठड्याजवळ उभा होतो. ती पुन्हा खेळली नाही. आजही जिना चढताना डावा पाय ओढते.

गावात मी सांगत फिरलो की फ्रेडरिकने पोरीला आशा लावली आणि ऐन वेळी पाठ फिरवली. लोकांनी त्याला गावच्या संघातून काढले. हेलनने त्याच्याशी बोलणे टाकले. तीन वर्षे त्याने कोणाला काही सांगितले नाही. फ्रेडरिक निर्दोष आहे. दोष माझा आहे.

६. साक्षीदाराला देणगी चालत नाही, असे वकील सांगतात. म्हणून फ्रेडरिकला मी काही ठेवलेले नाही. सहीसाठी त्याला गेल्या रविवारी बोलावले. त्याने पाचवे कलम दोनदा वाचले.

"हेलनने वाचलं?"

"माझ्यामागे वाचेल."

त्याने पेन खाली ठेवले. "मग माझी सही नाही. ती तुम्हाला काही विचारू शकेल तोवर वाचून दाखवा."

तू तेव्हाच तिला का सांगितले नाहीस, असे मी विचारले. म्हणाला, "ती खाटेवर पडून होती, अंकल. दिवसरात्र तुम्हीच तिचं करत होता. त्यात तिला हे सांगू?"

सोमवारी मी हेलनला समोर बसवून पाचवे कलम वाचून दाखवले. तिने एकच विचारले, "दिल्लीला गाडीत माझ्याशेजारी बसून तुम्ही काय विचार करत होता, पप्पा?" त्यानंतर पाच दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. माझे ताट मात्र वेळेवर येते.

आज सकाळी ती स्वतः माणिकपूरला जाऊन फ्रेडरिकला घेऊन आली. पाचव्या कलमातला एकही शब्द सौम्य करू नये, असे तिने त्याच्यामार्फत मला कळवले आहे. मी केलेला नाही.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

फर्डिनंड पास्कू रुमाव

साक्षीदार:
१. डॉ. विद्याधर काशिनाथ राऊत
२. फ्रेडरिक परेरा

भुईगाव, शनिवार, दि. १४ नोव्हेंबर १९८७