त्याच्याही आधीची प्रत

सोमवार, २ तारीख

आज रुजू झाले. खोली छान मिळाली आहे, एका शिंप्याच्या दुकानावर. दिवसभर खालून मशीनची खडखड येते, पण मला ती सोबतच वाटली. खिडकीशी टेबल, एक खुर्ची आणि नुकती इस्त्री केलेली चादर. आणखी काय हवं माणसाला!

काम रुग्णालयात आहे. तळघरातली पाण्याची मोठी नळी फुटली आणि तिथले सगळे सर्व्हर बुडाले. नोंदी मात्र वाचल्या, कारण त्यांच्या प्रती बाहेर साठवलेल्या होत्या. अलीकडच्या रोजच्या, त्याआधीच्या महिन्यामहिन्याच्या, आणि जुन्या वर्षांच्याही काही. त्या प्रतींवरून सगळे सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुणाच्या तरी भाड्याच्या यंत्रांवर, पुन्हा उभे करायचे. तीन महिन्यांचं काम. मग घरी.

प्रती सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. मला म्हणाले, पोरी, सर्व्हर आणि नवरा दोघांचं औषध एकच, कुरकुरले की बंद करून परत चालू करावेत. फक्त नवऱ्याचं बटण कुठे असतं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. मी इतकी हसले की चहा सांडला.

संध्याकाळी लेकीचा फोन. दुसरीत आहे. इतक्यातच तिला 'र' म्हणता यायला लागलाय, त्यामुळे जमेल तिथे र कोंबते. मला बजावलं की रविवारी घरी आली नाहीस तर मी रुसेन, रडेन आणि रागावेन. मागून सासूबाई ओरडत होत्या, आधी जेव, मग रड.

गुरुवार, ५ तारीख

सगळ्यात ताजी प्रत आज उघडली. निम्म्या नोंदी खराब. नळी फुटायच्या आधीपासूनच बिघाड आत शिरत होता. आमच्या धंद्यात अशा वेळी डोकं धरून बसत नाहीत. त्याच्या आधीची प्रत घ्यायची. घेतली. वरवर बरी निघाली. ती योग्य अशी खूण केली. खूण झाली की तिच्यानंतरच्या सगळ्या प्रती आपोआप पुसल्या जातात. एका घरात दोन सत्यं नांदत नाहीत, असं काका म्हणतात. नियम त्यांचाच.

नोंदी-विभागातल्या ताईंनी आग्रहाने त्यांच्या डब्यातलं खायला लावलं. फार वाळलीस, म्हणाल्या. चार दिवसांत काय वाळणार मी? पण बरं वाटलं.

शुक्रवार, ६ तारीख

रखवालदाराने आज अडवलं. कोण हवंय, म्हणाला. नियुक्तीपत्र दाखवल्यावर सोडलं. वर काकांनी नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, आणि नवऱ्याच्या बटणाचा विनोद पुन्हा सांगितला. तोच, त्याच ठिकाणी थांबून. माझी मस्करी चालली आहे असं समजून मी हसले. मग ताई समोरून आल्या आणि म्हणाल्या, नवीन वाटतं तुम्ही?

विचार करायला सवड नव्हती. एका रुग्णाचा रक्तगट पडद्यावर चुकीचा दिसला होता. परिचारिकेने ओळखलं म्हणून, नाहीतर माणूस हकनाक गेला असता. म्हणजे बिघाड आणखी मागे आहे. रुग्णालयाचे साहेब म्हणाले, किती मागे जायचं ते जा, पण खरा रक्तगट आणा.

एकेक प्रत हाताने तपासायला महिना लागला असता. म्हणून मी ते काम यंत्रालाच लावून दिलं. प्रत तपासायची; खराब निघाली तर पुसायची; त्याच्या आधीची घ्यायची. चांगली मिळेपर्यंत थांबायचं नाही. साहेब म्हणाले, नवी मुलगी हुशार आहे.

शनिवार, ७ तारीख

सकाळी घरी फोन केला. नवऱ्याने विचारलं, मुलाखतीची तारीख कळली का? मी म्हटलं, अरे, मी नोकरीवरच आहे. तो म्हणाला, सकाळी सकाळी फिरकी घेऊ नकोस बाई, मला दाढी करायची आहे. मला उगाच वाटलं की चूक माझीच असेल.

मग लेक आली. म्हणाली, आई, लविवाली ये. मी म्हटलं, नीट म्हण. ती म्हणाली, नीतच म्हनतेय.

फोन ठेवला. भिजवलेले कपडे होते, ते धुतले. दोरीवर घालताना ध्यानात आलं की चिमटे न लावताच घालतेय. मग परत काढून चिमटे लावले.

रविवार, ८ तारीख

यंत्र एकेक प्रत मागे चाललं आहे, आणि तिच्याबरोबर माझी माणसं. हे मी शांतपणे लिहिते आहे.

ते काम थांबवायला मी रुग्णालयात गेले. दाराला माझा पास लागला नाही. रखवालदार म्हणाला, बाई, या नावाचं इथे कुणी नाही. नियुक्तीपत्र उलगडलं तर कोरा कागद.

काका बाहेर येत होते. त्यांचा हात धरला. ते काम बंद करा म्हटलं, माझी मुलगी लहान होतेय म्हटलं. त्यांनी हात सोडवला नाही. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, मी तुम्हाला ओळखत नाही, पण चाललेलं काम मध्येच तोडलं की सगळंच जातं हो. नंतरच्या प्रतींचं विचारलं. पुसलं ते पुसलं, म्हणाले.

सोमवार, ९ तारीख

फोनवर सासूबाई. कौतुकाने सांगत होत्या की कालपासून बसायला लागली, तुझा आवाज आला की कशी मान वळवते बघ. मग फोन तिच्या तोंडाशी धरला.

नुसता श्वास. ओला, जोरजोराचा.

मी ऐकत राहिले. पैसे संपेपर्यंत—

मंगळवार

नवऱ्याला विचारलं, ती झोपली का? तो म्हणाला, कोण ती?

आपली लेक.

तो अगदी हळू म्हणाला, डॉक्टर म्हणालेत ना, अजून वेळ आहे आपल्याला. असा जिवाला घोर नको लावून घेऊस.

आंघोळ करताना पाहिलं. पोटावर बाळंतपणातल्या टाक्यांची रेघ नाही. बोट फिरवलं. गुळगुळीत.

वाईट वाटायला हवं. वाट बघतेय, कधी वाटतं त्याची.

बुधवार

लिहून ठेवते.

ती झोपेत एक पाय माझ्या अंगावर टाकते. दुधावरच्या सायीला दुधाची कातडी म्हणते. कानामागे तीळ — डाव्या — की उजव्या — वेणी घालताना मान वाकडी करते, मी ओरडते — केस लांब होते ना — होते —

गुरुवार

नवऱ्याच्या नंबरवर परका माणूस. सभ्य होता. चुकीचा नंबर लागलाय ताई, म्हणाला. आवाज ओळखीचा — कुणासारखा तरी —

यंत्र चालूच असेल. चांगली प्रत मिळाली नसेल अजून.

शुक्रवार

मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे.

कुणा मुलीबद्दल आहे. दुधाची कातडी. गोड आहे पोर. कुणाची ते वाचूनही उमगत नाही — आई लांब कामाला असते वाटतं —

बाहेर ऊन कललं. आता शाळा सुटली असेल. बाकीच्या मुलांना न्यायला कुणी कुणी आलं असेल. हिलाही कुणीतरी आणायला जायला हवं. ती पायरीवर बसून असेल, दप्तर मांडीवर घेऊन, आणि प्रत्येक बाईकडे बघत —