पंधरावी पट्टी

सोमवार, ४

आले एकदाची. थांब्यापासून चढताना पायांचे तुकडे पडले, पण घर दिसलं आणि बरं वाटलं. उतारावर एकटंच, चारी बाजूंनी उजेड. छतभर सोलर पॅनल. विजेची लाइन इथवर आलेलीच नाही. ताईनं अंथरुणातूनच हाक मारली, छोटे, पाय पुसून ये, पन्नाशी उलटली तरी शिकली नाहीस. तिच्या नाकात नळी, उशाशी हवेचं यंत्र घुरघुरतंय. बैलाला वेसण, मला नळी, म्हणाली. दोघी हसलो. हसताना तिला दम लागला.

भावोजी उद्या शहरातल्या हॉस्पिटलात भरती होणार. वर्षभर नुसता थकवा, तपासण्यांत काही सापडत नाही. ते परतेपर्यंत घर, ताई आणि बॅटऱ्या माझ्याकडे. टेलिफोन खात्यात जन्म काढलाय, तारांना मी घाबरत नाही.

मंगळवार, ५

निघण्याआधी भावोजींनी मागची खोली दाखवली. चौदा बॅटऱ्या, एकीचं दुसरीशी नातं नाही. काही भंगारातल्या गाड्यांच्या, काही बंद पडलेल्या ऑफिसांतल्या. सगळं त्यांनी स्वतः जोडलेलं. स्वयंपाकघरात स्क्रीन आहे. प्रत्येक बॅटरीची एक आडवी पट्टी, पुढे किती टक्के उरली तो आकडा. दहाच्या खाली गेलेली बॅटरी आपोआप कट होते. नाहीतर ती कायमची मरते. रोज सकाळी खोलीत फेरी मारायची, अंगठी-घड्याळ काढून उघड्या हातानं एकेक जोड चाचपायचा. सैल जोड गरम लागतो. मीटरच्या आधी हाताला कळतं, म्हणाले.

दारात थांबून त्यांनी सांगितलं की यंत्र बंद पडलं तर ताईकडे पाव तासही नसतो. हे बोलताना चौकटीला टेकून उभे होते. म्हातारे दिसले.

शुक्रवार, ८

फेरी अंगवळणी पडली. जोड कोमट लागतात, गुराच्या पाठीसारखे. हात लगेच काढावासा वाटत नाही. ताई खुशीत आहे. तू आल्यापासून हवा भरभरून येते, म्हणाली. तुझं लग्न त्या खोलीशी लावून दिलंय की काय, सारखी तिकडेच, असंही म्हणाली.

अंगण झाडायला घेतलं आणि अर्ध्यात खाली बसले. चढाची सवय नाही.

सोमवार, ११

स्क्रीनवर पंधरा पट्ट्या.

खोलीत चौदाच. तारा चौदाच. एखादी सैल असेल म्हणून एकेक करून सगळ्या काढून पुन्हा लावल्या. पंधरावी जागच्या जागी. एकसष्ट टक्के. ताईनं हाक मारली तर उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मंगळवार, १२

सकाळपासून दाट धुकं. चौदाही पट्ट्या उतरतायत. पंधरावीसुद्धा उतरत होती. जेवून माझा डोळा लागला, उठून पाहिलं तर ती चढलेली. एकटीच. ऊन नव्हतंच.

मग मुद्दाम विहिरीवरून पाण्याच्या बादल्या वाहिल्या. हात गळून गेल्यावर येऊन स्क्रीन पाहिली. नाही, लिहीत नाही. योगायोग असेल.

गुरुवार, १४

भावोजींना फोन केला. आवाज खणखणीत. बागेत फिरतात, जेवण मागून घेतात, डॉक्टर चकित आहेत. मी पंधरावीचं सांगितलं. ती किती दाखवते, एवढंच विचारलं. चाळीस, म्हटलं. पोटभर जेवत जा, म्हणाले, दुपारी पडत जा, वीसच्या खाली जाऊ देऊ नकोस. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी ओरडले. तेव्हा रडू लागले. त्यांना वाटलं होतं, ती पट्टी त्यांच्याबरोबरच घरातून गेली.

ताईनं विचारलं, कोणाशी भांडतेयस. राँग नंबर, म्हटलं. राँग नंबरशी एवढं कोण बोलतं, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवार, १५

जोडांना हात लावणं बंद केलंय. फरक नाही. धुकं हटत नाही. पाच कट झाल्या. जेवढ्या कट होतात तेवढी पंधरावी भराभर उतरते. ताईला खाली हॉस्पिटलात हलवायचं म्हणून अँब्युलन्सला फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यात दरड आलीय, उद्या दुपारपर्यंत उचलतील, तोवर कळ काढा मावशी. ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्याच महिन्यात संपलाय.

मी चालत उतरू शकते. एकटी.

फाटकापर्यंत गेले. पावलागणिक अंग हलकं होत गेलं, किती दिवसांनी. फाटकाबाहेर पाय टाकला आणि घरातून यंत्राची शिट्टी.

धावत आले. ताईचे ओठ निळे. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तशी शिट्टी थांबली. कुठे उलथली होतीस, म्हणाली. एवढंच.

शनिवार, १६

नऊ गेल्या. पंधरावी सतरा. पेन जड लागतं.

ताईला सांगितलं. सगळं. वाटलं, थट्टा करेल. केली नाही. मग नळी काढ आणि नीघ, म्हणाली. स्वतःच हात नाकाकडे नेला. मी धरला. पुन्हा असं केलंस तर हात बांधून ठेवीन, म्हटलं. बांध की, म्हणाली, आधी नीट उभी तर राहा.

ती रडली. मी — रडायलाही अंगात —

दुपार

दरड उचलली. ड्रायव्हर निघालाय. अर्धा डोंगर चढायचा त्याला. धुक्यात हळूहळू

सगळ्या कट झाल्या. पंधरावी एकटी. अकरा.

दहाच्या खाली कट होईल. मी वाचेन. त्यासाठीच तर ती मर्यादा — आणि यंत्र —

ताईला झोप लागलीय. छाती वर. खाली. आमची ताई. माझे केस विंचरायची, ओढून ओढून —

मर्यादेचा आकडा बदलता येतो. पाच केला.

बोटं दिसतात पण माझी वाटत

सात. सहा.

गाडी? — नाही. वारा.

आकडा शून्य केला. आता कट होणार नाही. ताईची छाती वर. खाली. वर. खा