न मारलेला ठोसा

दादा,

मी लागोपाठ तीन लढती हरलो, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. लवूच्या ठोशात आता दम नाही, असं सगळं लालबाग म्हणतं. तुला खरं सांगतो. त्याआधीच्या फायनलला माझा उजवा ठोसा बसला, मी चॅम्पियन झालो आणि माझगावचा गौतम रिंगमध्येच कोसळला. एकोणीस दिवस तो शुद्धीवर नव्हता. त्यानंतर प्रत्येक लढतीत मी उजवा हात मुद्दाम आवरला.

आज गौतम स्वतः चार जिने चढून घरी आला. म्हणाला, "लवू, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. यायचं हां!" त्याला मिठी मारून मी रडलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचलंस, तर पुन्हा रिंगमध्ये उतर म्हणशील. मला आता कुणालाच मारायचं नाही रे.

तुझाच,
लवू