साळूचं पान

पुणे,
भाऊबीजेनंतरचा शनिवार, २००५

प्रिय दादा,

आदेश येऊन गेला. वहिनींच्या करंज्या, घरच्या शेंगा, साडी आणि प्लॅस्टिकच्या फाइलमधला तो कागद, सगळं व्यवस्थित मिळालं. साडीचा शेवाळी रंग बघून बरं वाटलं. मला हाच रंग आवडतो हे तुझ्या अजून लक्षात आहे. साडी समोर टेबलावर आहे. आदेश घाईत होता. चहा उभ्यानंच प्यायला आणि म्हणाला, "आत्या, मंगळवारी घोडेगावला यायचंय, नुसती सही. अर्ध्या तासाचं काम. मी गाडी पाठवतो." मी म्हटलं, तुझ्या पप्पांना मी पत्र लिहिते. तो हसला. "पत्र? अहो, मोबाईल आहे की." आहे रे, पण मोबाईलवर मी तुझ्याशी कधी नीट बोलू शकलेले नाही. तू "बरं" म्हणतोस आणि माझं उरलेलं सगळं सांगायचं राहून जातं.

आणि मला पत्र लिहायला शिकवलंस तूच. आई गेल्यावर तात्यांनी मला पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घालायचं ठरवलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पेठच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना तू मला माझ्या ट्रंकेवर बसवलंस आणि उन्हाच्या बाजूला उभा राहिलास, म्हणजे मला सावली मिळावी. तू तरी केवढा होतास, पंधरा वर्षांचा. महिन्यातून एकदा भेटीचा रविवार असायचा. इतर मुलींच्या आया केक घेऊन यायच्या, तू भाजलेल्या शेंगा आणि गूळ आणायचास. सिस्टर नाक मुरडायच्या आणि मग स्वतःच मूठभर शेंगा मागून घ्यायच्या. माझं मराठी तिथं पातळ होत चाललं, म्हणून तू दर आठवड्याला कार्ड टाकायचास आणि माझी उत्तरं लाल शाईनं सुधारून परत पाठवायचास. आज मी ज्या मराठीत हे लिहितेय ती तुझीच आहे. म्हणून जड जातंय.

परवापासून मला सारखी सर्वपित्री आठवतेय. आपल्याकडे पितरांची पानं नंतर वाढायची, आधी एक पान वेगळं निघायचं. वडे, आमटी, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं त्या पानावर. तू पान घेऊन पुढे आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे, ओढा ओलांडून साळूच्या तुकड्यातल्या विहिरीपाशी जायचो. चिंचेखाली तो तुकडा कसणारा भिका, लंकाबाईचा बाप, अंघोळ करून, डोक्याला स्वच्छ फडकं बांधून उभा असायचा. तो ते पान दोन्ही तळव्यांवर घ्यायचा, एक शब्द न बोलता घराकडे चालू लागायचा, आणि मगच आपल्या घरात जेवणं व्हायची. लंका बापाच्या मागून मला वेडावून दाखवायची. साळू कोण, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "शेताची आई असते ती." मी साठी ओलांडेपर्यंत ते खरं मानलं. मोठ्या भावानं सांगितलेलं तपासायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी शाळेतून निवृत्त झाले, हे गेले, घर अंगावर यायला लागलं, तेव्हा हौस म्हणून मोडीच्या वर्गाला जायला लागले. तुला किती आनंद झाला. "छबू, तुला ती वाकडी अक्षरं वाचता येतात? मग आपल्या घराण्याचं पुस्तक काढू, जुने कागद तूच वाच. परक्यानं वाचलेलं खरं कशावरून?" तू माळ्यावरची पत्र्याची पेटी स्वतः पुण्याला घेऊन आलास. खरं सांगू, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. आपण घोडेगावला तहसिलात जायचो, मी जुने फेरफार बघायची, तू बाकावर थर्मास मांडीत धरून बसायचास, आणि दुपारी स्टँडसमोरची मिसळ खाताना मी तुला खापरपणज्यांच्या गोष्टी सांगायची. तुझं सगळं ऐकून झालं की तू दर वेळी एकच म्हणायचास. "साळूच्या तुकड्याचं तेवढं नीट बघ हं. त्या लोकांचं नाव आपल्या सातबाऱ्यावर कुठून आलं ते कळलं पाहिजे." आपल्या मळ्याच्या उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, भिकाचं नाव पूर्वीपासून आहे आणि त्याच्यामागं लंकाबाईचं लागलंय, हे मला तोवर माहीतही नव्हतं. मला वाटलं, उतारवयात तुला त्या शेताच्या आईची ओढ लागली. मळ्याच्या कडेनं रस्ता रुंद होणार, प्लॉटिंगवाले तुझ्या ओट्यावर येऊन बसायला लागलेत, हे माझ्या कानावर होतं. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत.

आणि मग मला साळू सापडली. आपले पूर्वज चांगदेव पाटील यांच्या मृत्युपत्रात दोन मुलांची वाटणी लिहिलीय. थोरल्या कुंडलिकाला खिलारी बैलजोडी, विहिरीचा अर्धा वाटा, तांब्याचा हंडा. धाकट्याला गाई, नदीकडचं शेत, दोन पराती. आणि परातींच्या खालच्या ओळीत, "साळू कुणबीण धाकट्याकडे, तिचा पोर थोरल्याकडे." मी ती ओळ बोटानं तीनदा वाचली. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई, हे मी शाळेत मुलींना शिकवलेलं आहे. पण ते सरदारांच्या वाड्यांतलं, असंच माझ्या डोक्यात होतं. नांगर हाकणाऱ्या घरातही माणूस विकत आणतात, आणि मायलेकरं बैलांसारखी वाटून घेतात, आणि ते घर आपलं असतं, हे मला कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पोराचा बाप कोण ते चांगदेवांनी लिहिलेलं नाही. त्या घरात ते लिहून ठेवायची कुणाला गरज नसणार. लंकाबाईचं नाक आणि तात्यांच्या फोटोतलं नाक मी नंतर मनातल्या मनात पुष्कळदा शेजारी ठेवून पाहिलं.

पुढचा कागद कुंडलिकाचा, त्याच्या म्हातारपणचा. त्यानं लिहिलंय की मी साळूचं दूध प्यालो, आणि आमच्या वडिलांनी मायलेकरांची ताटातूट केली ती माझ्यानं निस्तरली नाही. म्हणून विहिरीजवळचा तुकडा तिच्या पोरानं पिढ्यानपिढ्या करून खावा, आणि सर्वपित्रीला साळूचं पान आधी वाढून तिच्या वंशाच्या हाती द्यावं. आमच्या वंशानं यात चुकारपणा करू नये. दादा, मी हे तुला फोनवर वाचून दाखवताना रडत होते.  तू एवढंच म्हणालास, "दोन्हीची झेरॉक्स पाठव." मी समजले, तुलाही बोलवेना.

हे लंकाबाईला सांगायला मी मुद्दाम गावी आले, चैत्रात. ती ओट्यावर लसूण निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातला गड्डा खाली ठेवला नाही. म्हणाली, "मेल्याली बाई ती, छबूताई. तिचं काय घिऊन बसलाय. पर ह्ये बुकात नका घालू. आमच्या वृषालीचं येडगावला जमतंय. पावणं चांगलं हायेत, तरी पावणंच न्हवं. इकत आणल्यालीचा वंस म्हणलं की पोरगी घरात बसंल." नातीचं सांगताना तिचा आवाज किती हळू झाला. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिला जणू दागिना सापडल्यासारखं सांगायला गेले होते. त्याच दिवशी तुला फोन केला आणि तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, येडगावसकट. तू म्हणालास, "तिची लाज ती आपली लाज. एक अक्षर येणार नाही, छबू." तुझा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. शेजारच्या बाईंनाही मी सांगितलं, माझा भाऊ असा आहे म्हणून.

दसऱ्याला देवळाच्या सभामंडपात पुस्तक निघालं. वंशावळीवर माझं नाव, संकलन म्हणून. चांगदेवांच्या पानावर "गोरगरिबांचे आश्रयदाते" हे शब्द माझे नव्हते, तरी म्हटलं, असू दे, तुझी हौस. लंकाबाई दिसली नाही. तू म्हणालास, तिला बरं नाही. म्हणून जेवणं झाल्यावर मी पेढे आणि पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले. ती दारातच उभी होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. "आता काय ऱ्हायलंय, छबूताई? तुमच्या बुकापायीच अंगठा दिला न्हवं." मला काही कळेना, आणि मला कळत नाहीये हे तिला पटेना. मग तिनं सांगितलं. आषाढात तू तिच्याकडे गेलास, माझ्या झेरॉक्स घेऊन. "भाऊ म्हणले, ह्यो कागद छबूनं वाचलाय. बुकात छापायचा का न्हाई, ते तुमी ठरवा. हक्क सोडला तर कागद माझ्या कपाटात. न्हाईतर येडगावला बी एक बुक धाडतो, पावण्यांस्नी." आणि म्हणाली, "वरडले बी न्हाईत. च्या घिऊन, ग्वाड लागला म्हणून गेले." तू तिचा चहा प्यायलास, दादा.

मी म्हटलं, लंका, मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "येडगावचं म्या तुमालाच सांगितलं व्हतं. गावात तवर कुणाला म्हाईत न्हवतं."  लहानपणी वेडावून दाखवणारी ती पोर मला त्या चेहऱ्यात कुठं दिसेना. निघताना ती मागून म्हणाली, "औंदा पान आणाया कुणी गेलं न्हाई आमच्यातलं. ज्येचा तुकडा त्येचं पान. आता तुमीच खावा." तेव्हा मला उमगलं की तू यंदा सर्वपित्रीला मला बोलावलं का नव्हतंस. ते पान चिंचेखाली कुणाच्या हातात दिलंस, की दिलंच नाहीस, हे मी वहिनींनाही विचारलेलं नाही.

तू मला फाट्यावर सोडायला आलास. "का गं गप्प?" म्हणालास. मी डोकं दुखतंय म्हटलं. तुला मी एक सवड देत होते. वाटलं, दिवाळीत तू आपणहून सांगशील. चूक झाली, प्लॉटिंगवाल्यांनी घाई केली, मुलांनी गळ घातली, काहीही सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं. इतकी वर्षं तुझंच तर ऐकत आले. भाऊबीजेला मी निरांजन, सुपारी, सगळं ताटात मांडून बसले. बोर्डिंगात असतानासुद्धा तू चुकला नव्हतास, फाटकाबाहेर उभ्या उभ्या ओवाळून घेतलं होतंस. यंदा तू आला नाहीस. आदेश आला, साडी आणि कागद घेऊन. त्याला ओवाळताना मी कागद बघितला नाही. तो गेल्यावर वाचला. आपल्या मळ्यातला माझा हिस्सा मी स्वखुशीनं, भावाकडून साडीचोळी घेऊन सोडत आहे. गावोगावच्या बहिणी अशा सह्या करतात आणि ती साडी पुढच्या लग्नाकार्यात नेसतात, हे मला माहीत आहे. तू मागितला असतास तर माझा हिस्सा मी साडीशिवायही दिला असता. पण तू भाऊबीजेच्या ओवाळणीत ती सही गुंडाळून पाठवलीस, आणि त्याच मळ्यातून साळूला दुसऱ्यांदा बाहेर काढलंस. पहिल्यांदा चांगदेवांनी काढलं तेव्हा तिला निदान त्यांचा डाव ठाऊक होता. माझ्या साळूला, म्हणजे आपल्या लंकाला, तू माझ्या हातानं काढलंस.

म्हणून हे पत्र. मंगळवारी गाडी पाठवू नकोस, मी सही करणार नाही. लंकाबाईचा अंगठा तू ज्या कचेरीत घेतलास त्याच कचेरीत तो तुकडा पुन्हा तिच्या नावे लिहून दे; मग माझ्या हिश्श्याचं बोलू. आधी नाही. माझ्या सहीवाचून तुझं गिऱ्हाईक पुढं येणार नाही, हे मी आदेशच्या घाईवरून ओळखलंय. येडगावला पुस्तक पाठवायचा विचार अजून मनात असेल तर एक लक्षात ठेव. वृषालीच्या लग्नाला मी जाणार आहे, आणि लंकाची हरकत नसेल तर मांडवात नवऱ्या मुलीची आत्या म्हणून उभी राहणार आहे. मोठ्या पाटलांच्या घरची आत्या उभी राहिल्यावर पावण्यांना आणखी काही वाचून बघावंसं वाटणार नाही. पुढच्या सर्वपित्रीला मी गावी येईन. पान तू घे, तांब्या मी घेईन, आणि चिंचेखाली कुणी उभं असलं तरच आपण घरी येऊन जेवू. साडी या पत्राबरोबरच कुरिअरनं परत पाठवतेय. रंग छानच आहे, पण दादा, मी तिची घडी मोडलेली नाही.

अजूनही तुझीच,
छबू